त्याच्या विषाणूचा वाण

एचआयव्हीच्या तपासणीसाठी माणूस आपल्या तालुक्यात जात नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. भोरचा माणूस शिरवळला जातो, शिरवळचा साताऱ्याला, आणि वेल्ह्याचा डोंगर उतरून आमच्याकडे येतो. वेल्हे तालुक्याचं नाव आता सरकारदरबारी बदललंय, पण गुपित घेऊन येणारा माणूस अजून ‘वेल्ह्याकडनं आलोय’ असंच सांगतो, आणि गावाचं नाव विचारलं की खोकतो.

मी सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. माझी खोली कुत्रं चावल्याची इंजेक्शनं देतात त्या खोलीला लागून आहे. ही सोय कुणी मुद्दाम केली नसावी, पण लोकांना ती फार आवडते. बाहेरच्या बाकावर कुणी ओळखीचं भेटलंच तर माणूस ताबडतोब सांगतो, ‘कुत्रं चावलंय.’ आमच्या भागातली कुत्री चावतात त्याच्या दुप्पट बदनाम आहेत.

या नोकरीआधी मी पुण्यात एका प्रयोगशाळेत होते. एचआयव्हीच्या विषाणूची जनुकं वाचायचं काम. एका माणसाकडून दुसऱ्याकडे शरीरसंबंधातून जाताना नेमका कुठला विषाणू पार होतो आणि कुठले मागे राहतात, हे तिथं शोधत होते. मी त्यात नळ्या हलवणारी होते, पण मोठ्यांच्या चर्चा कान टवकारून ऐकायचे. प्रकल्प संपला, कंत्राट संपलं, मी किकवीला घरी परतले आणि ही नोकरी धरली. नळ्या सुटल्या. त्या चर्चा मात्र डोक्यात राहिल्या आणि बाहेर पडायला कारण शोधत राहिल्या. ते कारण एका जोडप्याच्या रूपानं माझ्यासमोर येऊन बसलं. नावं लिहीत नाही. तो माझ्या नोकरीचा नियम आहे, आणि या गोष्टीत मी जे केलं ते पाहता माझंही नाव नसलेलं बरं.

तो टेम्पोवाला. वेल्ह्याच्या आतल्या बाजूचं गाव, थोडी भातखाचरं, आणि स्वतःचा पिकअप टेम्पो. हायवेकडच्या कंपन्यांचा माल पार कर्नाटकात पोचवायचा. कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिर होतं, मित्रांबरोबर हाही आडवा झाला. रक्ताच्या बदल्यात एक प्रवासी बॅग मिळाली, पुढाऱ्याच्या फोटोची. काही दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की जरा भेटून जा. त्याला वाटलं, आणखी काहीतरी भेटवस्तू असेल.

माझ्याकडे आला तेव्हा ती बॅग त्याच्या मांडीवर होती. फोटोतला पुढारी हात जोडून माझ्याकडे बघत होता. रक्तपेढीच्या तपासणीत एचआयव्ही निघाला होता. मी पुन्हा तपासणी केली, तीही तशीच आली. तो रडला, मग म्हणाला, “मला टाका मारून, पर बायकूला काय सांगू?” लग्नाला तीन वर्षं झालेली. मूल नव्हतं.

मी म्हटलं, “बायकोला घेऊन या. तिचीही तपासणी करावी लागेल.”

आठवड्यानं दोघं आली. ती ठेंगणी, सावळी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यानं घरी सगळं सांगितलं होतं, एवढं त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. तिचं रक्त घेतलं आणि तासाभरानं मी दोघांना आत बोलावलं.

“तुमच्या रक्तात काही नाही,” मी तिला म्हणाले.

तिनं डोळे मिटले. तो मात्र माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण त्याच्या मागे दुसरंही काहीतरी होतं. तीन वर्षं एका अंथरुणात काढली आणि हिला काहीच नाही, म्हणजे काय? जरा वेळानं त्यानं विचारलंच, “मग माझं तरी खरं हाय का, मॅडम?”

त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज एक. तिची तीन महिन्यांनी तपासणी झाली, सहा महिन्यांनी झाली. काहीच नाही. त्याचा नमुना पुण्याला गेला, रक्तात विषाणू किती हे बघायला. उत्तर आलं की सापडण्याइतकाही नाही. माझ्या खोलीत अशा बातम्या फारशा येत नाहीत. त्या दिवशी मी खुशीत होते, आणि माझ्यासारख्या बाईनं खुशीत असताना कमी बोलावं.

श्रावणातला दिवस. बाहेर पाऊस कोसळत होता. त्यानं रेनकोट काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवला, खाली पाण्याचं थारोळं झालं. निकाल ऐकून तो म्हणाला, “मॅडम, एक सांगा. आता गोळ्या हायेत, ते समजलं. पर त्याआदी? तवा हिला कसं न्हाई झालं?”

याचं खरं उत्तर छोटं होतं. दरवेळी लागण होतेच असं नाही, तुमचं नशीब बरं होतं, आता गोळ्या चालू आहेत तोवर तिला धोका नाही, आणि गोळ्या सोडल्या तर आहे. चार वाक्यं. प्रशिक्षणात आम्हाला हीच चार वाक्यं शिकवलेली. पण तो ‘कसं’ असं विचारत होता, आणि ‘कसं’ विचारणारा माणूस मला कितीतरी वर्षांत भेटला नव्हता.

मी खुर्ची पुढे ओढली आणि आधी माझी पुण्यातली नोकरी सांगितली.

“तुमच्या अंगात गोळ्यांच्या आधी एक विषाणू नव्हता, विषाणूंची जत्रा होती,” मी म्हणाले. “हा विषाणू स्वतःची नक्कल काढतो तेव्हा चुका करतो. प्रत्येक नक्कल जराशी वेगळी. म्हणजे एकाच माणसात हजारो वाण. आता हे सगळे दुसऱ्याच्या अंगात शिरायला बघतात, पण उंबरा ओलांडतो तो बहुतेक वेळा एकच. त्या एका दाण्याच्या रोपांचा तरवा होतो, आणि त्याचंच अख्खं खाचर भरतं.”

“एकच?” तो म्हणाला. भातवाला माणूस, त्याला ते पटकन कळलं.

“आणि तो कुठला, ते त्याच्या जनुकांवर असतं. जुने झालेले विषाणू रक्तातल्या पहारेकऱ्यांपासून लपायला अंगावर साखरेचं जाड पांघरूण चढवतात. तुमचे वडील पावसात इरलं घ्यायचे ना?”

“व्हय की. पळसाच्या पानांचं.”

“इरलं डोक्यावर घेऊन घरात शिरता येतं का? चौकटीला अडकतं. तसंच. इरलेवाले दारात अडकतात. उंबरा ओलांडतो तो कमी पांघरुणाचा, आटोपशीर, आणि दाराचं कुलूप ज्याला जमतं असा.”

मला माझंच कौतुक वाटलं. साखरेचं पांघरूण आणि इरलं! पुण्यातल्या मोठ्या लोकांनाही हे सुचलं नव्हतं. फक्त त्या लोकांच्या प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’, ‘काही वेळा’, ‘असं दिसतं की’ असे शब्द असायचे. ते मला तेव्हा कंटाळवाणे वाटायचे. मी ते गाळले. सुरुवातीला एकदा ‘बहुतेक वेळा’ म्हणाले असेन तेवढंच.

तो खूष होऊन हसला. “म्हंजी माझे समदे इरलेवाले.”

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मीही हसले.

शेजारी त्याची बायको बसली होती. तिनं विचारलं, “आन् एकाद्यानं दारात इरलं काढून ठेवलं तर?”

“वा!” मी म्हणाले. “अगदी बरोबर प्रश्न. म्हणून तर गोळ्या.” पण तोवर तो मोबाईलवर आलेला फोन घ्यायला उठला होता. जाताना त्यानं रेनकोट झटकून अंगात घातला आणि बायकोला म्हणाला, “बघितलंस का?”

पुढच्या महिन्यात त्यांच्या बाजूला आरोग्य शिबिर होतं, मीही गेले होते. तिथल्या आशा सेविकेबरोबर, आशाताईंबरोबर, वाडीतून चालताना एका घराच्या ओट्यावर बायकांची गर्दी दिसली. बघते तर मध्ये पाटावर टेम्पोवाल्याची बायको बसलेली, कपाळभर हळदीकुंकू, ओटीत नारळ. मला पाहिलं आणि तिनं मान खाली घातली.

“कसला कार्यक्रम?” मी आशाताईंना विचारलं.

“कसला न्हाई. शुक्रवारचं बायका येत्यात. तिच्या सासूनं सांगितलंय समद्यांना.”

सासू पुढं आली. उंच, करारी बाई. मला ओळखत नव्हती, शिबिरातली कुणीतरी बाई एवढंच. तिनं मलाही कुंकू लावलं आणि आपणहून सांगितलं, “माज्या ल्येकाला रगताचं मोठं दुकणं हाय. नाव न्हाई घ्यायचं. कुणाच्या बी बायकूला लागलं आसतं. पर माज्या सुनंचं सत्व असं की तिला शिवलं न्हाई. डागदर बी चाट पडलं!”

डॉक्टर चाट पडले नव्हते, ते त्या आठवड्यात रजेवर होते. त्या दुखण्याचं नाव घेतलं असतं तर याच बायकांनी त्या घरचं पाणी प्यायलं नसतं. नाव न घेता त्या तिच्या पाया पडत होत्या. इतकी वर्षं मी ‘भेदभाव करू नका’ अशी पत्रकं वाटत होते, त्यातल्या एकाचाही असा परिणाम झाला नव्हता. मी हातावर ठेवलेला खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला आणि निघाले.

तो दर महिन्याला येत होता. रिकामी बाटली दाखवायचा, नवी घेऊन जायचा. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे सगळं उत्तम होतं. एकदा मी वरिष्ठांना आदर्श रुग्ण म्हणून त्याचंच उदाहरण दिलं.

दिवाळीच्या तोंडावर ती एकटीच आली. नसरापूरपर्यंत एसटी, पुढं वडापच्या जीपनं. आत आल्यावर तिनं दार लावून घेतलं, पिशवीतून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या टेबलावर सोडली. गोळ्या. ग्रीसचे काळे डाग लागलेल्या, पुष्कळशा गोळ्या.

“दसऱ्याला टेम्पोची पूजा केली,” ती म्हणाली. “पान्यास्नी बी हळदकुंकू लावत्यात आमच्यात, म्हणून म्या टूलबॉक्स काढला. खाली ह्या.”

“कधीपासून सोडल्यात त्यांनी?”

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. “तुमी त्ये इरल्याचं सांगितल्यापास्नं.”

मला आठवतं, शेजारच्या खोलीत इंजेक्शन घेणारं एक पोरगं ओरडत होतं आणि त्याची आई त्याला ‘झालं, झालं’ म्हणत होती. मी पाणी प्यायले.

तिनं सगळं नीट सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना तो टेम्पोत गाणी म्हणत गेला. मॅडम म्हणल्या, आपला वाण कमजोर हाय, त्येला उंबराच ओलांडता येत न्हाई. आता तर तपासणीत दिसत बी न्हाई. मग गोळ्या कशाला? गोळ्यांनी पोट सुटतं, ड्रायव्हर लोक बाटली बघून विचारतात. आणि आईला नातू हवाय. गोळ्या सापडल्यावर तिनं विचारलं तेव्हा त्यानं हे सांगितलं; दसऱ्यापर्यंत तिला यातलं काही माहीत नव्हतं.

“आणि दसऱ्यानंतर?” मी घाबरत विचारलं.

“त्याच दिशी म्या व्रत धरलं.”

“कसलं व्रत?”

“सोनं वाटून झालं आन् सासूला सांगितलं, सपनात देवी आली. म्हणली, तुजं सत्व म्या राखलं, आता तू माजं व्रत राख. म्या सांगंस्तोवर न्यारं निजायचं. येगळी चटई, सासूच्या खोलीत.” ती जराही हसत नव्हती. “सासूला लई आनंद झाला. शेजारणीस्नी सांगून आली. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पर बोलत्यात काय? माजं सत्व मोडलं तर दुकणं माज्यात येईल, आन् आईच म्हणती सत्वानंच समदं हाय.”

मला हसू आवरेना. सहा वर्षांच्या नोकरीत मी शेकडो बायकांना ‘नकार द्यायला शिका’ असं सांगितलं होतं. कसा द्यायचा ते मला माहीत नव्हतं, आणि प्रशिक्षणातल्या कुठल्याही तक्त्यात नव्हतं.

“मॅडम, हसू नका,” ती म्हणाली. “व्रत किती दिस वढायचं ते सांगा. आन् माजं रगत बघा. श्रावणापास्नं दसऱ्यापत्तुर तर म्या काय व्रतात नव्हते.”

तिचं रक्त घेतलं. तो तास मी जसा काढला तसा तिनं नाही काढला. ती बाहेर बाकावर बसून कुणाशीतरी बोलत होती. मला दारातून ऐकू आलं, “न्हाई वं, कुत्रं चावलंय.”

निकाल निरंक आला. पण लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागणार होतं. तोवर कुणीच काही म्हणू शकत नव्हतं. मी तिला ते सांगितलं, या वेळी एकही शब्द न गाळता. तिनं मान डोलावली.

त्याला मी फोन केला. तो आठवड्यानं आला, आला तो घुश्शातच. चेहरा उतरलेला, तोंडात पांढरे चट्टे, आठ दिवस ताप येऊन गेलेला. टेबलावरच्या गोळ्या बघून तो म्हणाला, “तिनं आणून दिल्या व्हय? मॅडम, तुमीच म्हणला व्हता, इरलेवाले दारात अडाकत्यात.”

“म्हणाले होते.”

“मंग?”

“मी चुकले,” मी म्हणाले. खुर्ची पुढे ओढली नाही. “जे सांगितलं ते अर्धं होतं. तुमच्या अंगात इरलेवाले होते तसे बिनइरल्याचेही असणार. कोण कधी पार होईल ते कुणाला आधी सांगता येत नाही. गोळ्यांच्या आधीच्या काळात तुमच्या बायकोला लागण झाली नाही याचं कारण तुमचा वाण नव्हे. योगायोग. आणि नंतर झाली नाही याचं कारण गोळ्या.”

त्याला ते पटलं नाही. माझी खरी गोष्ट त्याच्या लेखी पहिल्या गोष्टीइतकी रंगतदार नव्हती. तो म्हणाला, “असं करा. माझ्या व्हायरसचा वाण तपासायला पाठवा. पुण्याला तुमच्या वळखीचं हाय ना? भाताचं बी तपासून देत्यात तसं. कमजोर हाय असं लिवून आलं म्हंजी झालं.”

“असं कुणी लिहून देत नाही.”

“का? तुमी तर तितंच काम करत व्हता.”

“त्यांना जे सांगता येतं ते हजारो माणसांबद्दल. पार झालेले विषाणू पुष्कळदा असे दिसतात, एवढंच. एका माणसाकडे बोट दाखवून ‘हा बिनधोक’ असं नाही सांगता येत. आणि आज जो वाण आहे तो पुढच्या महिन्यात बदललेला असतो. दाखला छापून येईस्तोवर विषाणू दुसराच.”

त्याचा नमुना पाठवला, पण वाण बघायला नाही, किती आहेत ते बघायला. उत्तर आलं तेव्हा मी तो आकडा त्याला दाखवला. गोळ्या सोडल्यावर जे व्हायचं तेच झालं होतं, आणि भरपूर झालं होतं. तो कागदाकडे बघत राहिला. “एवढं?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती, हे खरं. पण भरघोस पिकाकडे बघताना शेतकऱ्याच्या आवाजात जे येतं, तेही किंचित होतं. कमजोर म्हणून तर कुणी आता त्याच्या वाणाला हिणवू शकणार नव्हतं.

तरीही तो गोळ्या घेईल याची मला खात्री नव्हती. मी समजावलं, डॉक्टरांनी दम दिला, तो ‘व्हय, व्हय’ करून गेला. काम झालं ते माझ्या खोलीत नाही, त्याच्या घरात.

देवी पुन्हा बायकोच्या स्वप्नात आली. या वेळी देवीनं सासूसाठी निरोप दिला. व्रत सुफळ व्हायचं असेल तर आईनं स्वतःच्या हातानं रोज दिवेलागणीला लेकाला दवाखान्यातली गोळी द्यायची, आणि त्यानं ती तिच्यासमोर गिळायची. एक दिवस चुकला तर मोजणी पहिल्यापासून. दवाखान्यातून ‘रक्तात काही दिसत नाही’ असं सांगणं आलं आणि त्यानंतर सहा महिने गेले, की उद्यापन. ही सहा महिन्यांची मुदत तिनं माझ्याकडून विचारून घेतली होती. देवीला फक्त कळवली.

तो कर्नाटकात माल घेऊन गेला की सासू दिवेलागणीला मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावायला सांगायची. सून लावून द्यायची. तिकडे हुबळीजवळ कुठल्यातरी ढाब्यावर हा माणूस खाटेवर बसून आईला तोंड उघडून दाखवायचा, जीभ वर, जीभ खाली. बाकीचे ड्रायव्हर विचारत तेव्हा तो म्हणायचा, “आईचं व्रत हाय.” बाटली लपवायची गरज उरली नाही.

वरिष्ठांनी विचारलं, “हा रुग्ण सुधारला कसा? अहवालात लिहा.” मी लिहिलं, ‘कुटुंबाचा सक्रिय सहभाग.’ त्यांनी खाली लाल पेनानं ‘छान’ लिहिलं.

तिची तीन महिन्यांनंतरची तपासणी निरंक आली. तेव्हा मात्र ती माझ्या टेबलावर डोकं टेकून रडली, आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि एकही वाक्य बोलले नाही. त्याचं रक्त पुन्हा स्वच्छ दिसायला उन्हाळा उजाडला. उद्यापनाला मला बोलावणं होतं, मी गेले, पोटभर जेवले. पुढच्या वर्षी त्यांना मुलगी झाली. आईला लागण नाही, त्यामुळे बाळाला असायचा प्रश्नच नव्हता. सासूनं पेढे पाठवले ते देवीच्या नावानं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती प्रशिक्षणांत हसत हसत सांगत फिरले असते.

त्याच वाडीतली दुसरी एक बाई माझ्याकडे आली. नवऱ्याला काविळीनं नेलं असं घरचे सांगत. तपासणी झाली, तिच्यात विषाणू होता. मी नेहमीसारखं सांगायला लागले की गोळ्या आहेत, फुकट आहेत, नीट जगता येतं. ती ऐकत नव्हती.

“म्हंजी माजंच सत्व कमी पडलं,” ती म्हणाली.

“असं काही नसतं.”

“हाय की. आमच्यात एकीला न्हाई झालं. समद्या गावाला ठावं हाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “म्या कुनाला सांगू? म्हणतील, हिच्यातच खोट व्हती.”

गोळ्या न घेताच ती गेली. दोन वेळा निरोप पाठवला, आली नाही. ज्या ओट्यावर मी खडीसाखर खाऊन गप्प निघून आले होते, त्याची किंमत ही बाई देत होती. तिच्याबद्दल मी कुणाला एक अक्षर सांगू शकत नव्हते, तो नियम. पण पहिली, टेम्पोवाल्याची बायको, आपल्या मुलीला लसीसाठी घेऊन आली तेव्हा मी विचारलं, “शुक्रवारी अजून बायका येतात का?”

“येत्यात.”

“ज्यांना लागण झाली, त्या बायकांना काय वाटत असेल गं?”

तिनं मुलीची टोपी सारखी केली आणि गेली.

पुढचं मला आशाताईंनी सांगितलं. पुढच्या शुक्रवारी बायका जमल्या तेव्हा ती पाटावर बसायला तयार होईना. सासू म्हणाली, “बस की गं.” ती उभ्यानंच म्हणाली, “माज्यात काय सत्व न्हाई. आदी नशीब व्हतं, मंग ह्यांच्या गोळ्या. जिला झालं तिचं बी नशीबच. तिनं काय पाप केलं न्हाई.” मग तिनं त्या दुखण्याचं नावही घेतलं, सगळ्यांसमोर, सरकारी पत्रकात असतं तसं पूर्ण. स्वप्नातल्या देवीबद्दल मात्र ती बोलली नाही.

सासू चार दिवस तिच्याशी बोलली नाही. बायकांनी ओट्यावर यायचं सोडलं. दोन घरांनी त्यांच्याकडचा चहा घेणं बंद केलं, आणि टेम्पोवाला आठवडाभर माझ्यावर चिडून होता, कारण त्याच्या मते हेही मीच शिकवलेलं. पाचव्या दिवशी सासूनं दिवेलागणीला गोळी काढली, लेकाला दिली, आणि सुनेला म्हणाली, “सांगितलंस त्ये सांगितलंस. आता पोरीला घे, रडतीया.”

त्यानंतर पंधरवड्यानं ती आली, आणि तिच्या मागं ती दुसरी बाई. दुसरी पहिलीला शोधत कशी आली, कुणी कुणाला काय सांगितलं, हे मी विचारलं नाही. दोघी बाकावर शेजारी बसल्या. आत आल्यावर दुसरीनं विचारलं, “मॅडम, हिच्यात न्हाई शिरलं, आन् माज्यात का शिरलं?”

इतकी वर्षं त्या एका प्रश्नावर काम करणारी माणसं मी पाहिली होती. मला जनुकं माहीत होती, साखरेचं पांघरूण माहीत होतं, दारं, कुलपं, सगळं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “तुमची चूक नाही, एवढं माहीत आहे.”

तिनं गोळ्यांची बाटली हातात घेतली, हलवून बघितली आणि विचारलं, “ह्याच्यावर ताक चालतं का?”

मी चालतं म्हणाले. पहिलीनं बाहेर डोकावून घड्याळ बघितलं, नसरापूरला जाणारी जीप भरत आली होती, आणि दोघी लगबगीनं निघाल्या.